कोंबडीला जमतं ते सापाच्या अंड्याला का सोसत नाही?

प्रश्न : मेअखेरीस गायरी (शेणखताचा खड्डा) उपसताना मुलांना अकरा पांढरी अंडी मिळाली. कवच चामड्यासारखं मऊ, सगळी एकमेकांना चिकटलेली. मुलांनी ती सोडवून धुतली आणि खुडूक कोंबडीखाली ठेवली. कोंबडी इमानाने बसली, पण एकही अंडं फुटलं नाही. शेवटी वास सुटला. काय चुकलं? — एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : वर्णनावरून अंडी सापाची, बहुधा धामणीची किंवा दिवडाची. मुलांनी मायेनेच केलं, म्हणून त्यांना रागावू नका. पण कारण नक्की दाखवा.

कोंबडीचं अंडं बशीत फोडा. बलकाच्या दोन बाजूंना पीळ पडलेले पांढरे दोरे दिसतील. बलक त्यांच्या आधाराने आतल्या आत फिरतो, त्यामुळे अंडं कसंही ठेवलं तरी गर्भाची बाजू वर येते. कोंबडी दिवसातून कितीतरी वेळा चोचीने अंडी उलटते, ती गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटू नये म्हणून. सापाच्या, कासवाच्या अंड्यात हे दोरे नसतात. तिथे गर्भ वरच्या बाजूला कवचाच्या आतून चिकटतो आणि तसाच वाढतो. कासवाच्या अंड्यावर त्या जागी पांढरा ठिपका उमटतो. अशा वेळी अंडं उलटलं, तर जीव आतच जाऊ शकतो.

हे मी किनाऱ्यावर कासवांची अंडी राखताना शिकलो. ऑलिव्ह रिडले कासवीण दीडएक फूट खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परतते. ती अंडी हॅचरीत, म्हणजे अंडी राखायच्या सुरक्षित जागेत हलवायची, तर पहिल्या काही तासांतच. आमच्या पहिल्या वर्षी एक घरटं दुसऱ्या दिवशी सापडलं. बादली मोटारसायकलवरून आणली, रस्ता खडबडीत. पंचावन्न दिवस रोज त्या खड्ड्यापाशी जाऊन बसत होतो. वाळू हललीच नाही. तो खड्डा उकरतानाचा वास मी अजून विसरलेलो नाही.

दुसरी गोष्ट उबेची. कोंबडीच्या पोटाखाली ३७ अंशांच्या वर तापमान असतं. सापाच्या अंड्यांना तीसच्या आसपास पुरतं, शिवाय ओल लागते. मातीतली ओल शोषून ती फुगतात. टोपलीतल्या कोरड्या पेंढ्यात ती सुकली असणार. कासवांत तर वाळूच्या उबेवर नर की मादी हे ठरतं: वाळू जास्त तापली तर माद्या.

म्हणून साप उबवतच नाहीत असं नाही. अजगराची मादी अंड्यांना वेटोळं घालते आणि अंग थरथरवून ऊब देते. घोणस तर अंडी बाहेर घालतच नाही, थेट पिल्लं देते. उलट टिटवी पक्षी असूनही उघड्या माळावर चार अंडी घालते. भर उन्हात तिला अंडी तापवायची नसतात, थंड ठेवायची असतात. पाण्यात पोट भिजवून ती परत अंड्यांवर बसते.

पुढच्या वेळी अंडी दिसली, तर हात घालू नका. नागही अशीच अंडी घालतो आणि नागीण राखणीला थांबते. तेवढा कोपरा दोन महिने न उपसता सोडा, वरचं खत परत हलकेच लोटा. उंदीर खाणारी धामण गोठ्याजवळ असणं तुमच्या भाताच्या कणगीला बरंच आहे.