डिझेल फिल्टर घरी बदलला, आता गाडी चालूच होत नाहीये. एअर कशी काढायची?

तुम्ही लिहिलंय की रविवारी घरच्या घरी डिझेल फिल्टर बदलला, गाडी कॉमन रेलवाली आहे (म्हणजे पंप एका जाड नळीत, रेलमध्ये, मोठ्या दाबाने डिझेल भरतो आणि तिथून ते सगळ्या नोझलना जातं), पंधरा-वीस वेळा सेल्फ मारून झाला, मधे एकदा घेतली पण मिनिटभरात बंद पडली, आणि आता बॅटरीपण बसायला आलीय. तर भाऊ, सगळ्यात आधी चावी काढून खिशात टाका. सेल्फ मारणं आत्ता या क्षणाला बंद. गाडी बहुतेक चांगलीच आहे, एअर घेतलीय फक्त, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरलीय, पण असेच सेल्फ मारत राहिलात तर चांगली राहणार नाही.

कारण सांगतो. डिझेल दाबलं तरी दबत नाही, हवा दबते. हाय प्रेशर पंपात हवा शिरली की पंप बिचारा त्या हवेलाच दाबतो-सोडतो, दाबतो-सोडतो, पुढे रेलमध्ये प्रेशर जातच नाही. आणि कॉमन रेलमध्ये ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, रेलचं प्रेशर बघतो, साधारण दीडशे-दोनशे बार झाल्याशिवाय तो नोझल (इंजिनात डिझेल फवारणारी तोटी) उघडतच नाही, त्यामुळे तुम्ही कितीही घरघर करा, इंजिनला थेंब मिळत नाही. वर त्या पंपाला वेगळं ऑइल नसतं हो, डिझेलच त्याचं वंगण. कोरडा फिरला की आतले भाग घासतात आणि तो बारीक चुरा रेलमधून थेट नोझलपर्यंत जातो. मग खर्च फिल्टरचा राहत नाही, पंप आणि चारही नोझलचा होतो.

आता एअर काढायची कशी, तर आधी बॉनेट उघडून बघा तुमच्या गाडीत हॅन्ड पंप कुठल्या टाइपचा आहे. काहींत पाइपच्या मधेच काळा रबरी फुगा असतो, बीपी मोजायच्या मशीनला असतो तसा. काहींत फिल्टरच्या डोक्यावरच दाबायचं बटण असतं. जुन्या बोलेरोसारख्या गाड्यांत मायको पंपाच्या बाजूला दांडा असतो, तो फिरवून मोकळा करायचा आणि वरखाली मारायचा (मायकोचं नाव २००८ मध्येच बॉश झालं, पण आमच्या इंदूरचे मिस्त्री अजून मायकोच म्हणतात). आणि काही गाड्यांत यातलं काहीच नसतं, कारण टाकीतच इलेक्ट्रिक पंप असतो. तुमची तशी असेल तर काम सोपंय, चावी नुसती ऑन करायची, सेल्फ मारायचा नाही, मागच्या सीटखालून बारीक घूंऽऽ येतो तो थांबेपर्यंत थांबायचं, ऑफ करायचं, परत ऑन. असं सात-आठ वेळा, घाई न करता.

फुगा किंवा बटणवाली असेल तर फिल्टरवर हवा सोडायचा स्क्रू शोधा, तो अर्धा-एक आटा ढिला करा आणि पंप मारत राहा. त्याआधी खाली अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो) असेल तर त्यावर जुनं फडकं टाका, बेल्टवरही, डिझेल रबराला चांगलं नाही. सुरवातीला फुगा अगदी पोकळ लागेल, हाताला काहीच येत नाही असं वाटेल, वीस-तीस वेळा दाबून झाल्यावर स्क्रूपाशी फसफस सुरू होईल, आधी सोड्यासारखा फेस, मग फेस आणि डिझेल मिसळून, मग सलग स्वच्छ धार. धार आली की पंप दाबलेला असतानाच स्क्रू आवळायचा, सोडल्यावर नाही, नाहीतर तो परत हवा ओढतो. स्क्रू नसेलच तर फिल्टरकडून पंपाकडे जाणारा पाइप काढून बाटलीत धरा आणि तसंच करा. स्क्रू बंद झाल्यावर अजून पंप मारा, आता फुगा एकदम दगडासारखा कडक होईल. तो कडकपणा एकदा हाताला कळला की परत कोणाला विचारावं लागत नाही.

मग क्लच दाबून सेल्फ, दहा सेकंद, फार तर पंधरा. नाही घेतली तर मिनिट-दोन मिनिटं थांबा, परत फुगा कडक करा, परत दहा सेकंद. बॅटरी बसलेली असेल तर आधी चार्ज करा नाहीतर शेजाऱ्याच्या गाडीवरून केबल लावा, कारण सेल्फ हळू फिरला तरी प्रेशर बनत नाही. घेतली की पाच-दहा सेकंद लंगडत चालेल, हादरेल, घाबरू नका, रेस न देता तशीच पाच मिनिटं सोडा.

एक गोष्ट अजिबात करायची नाही. जुन्या गाड्यांत मिस्त्री लोक नोझलच्या पाइपांचे नट ढिले करून सेल्फ मारून हवा काढायचे, तुमचे काका-मामा तेच सांगतील. कॉमन रेलवर ते नाही. टायरमध्ये आपण ३२ पीएसआय भरतो, या रेलमध्ये १६०० बारपर्यंत जातं, म्हणजे तेवीस हजार पीएसआयच्या वर. ती धार कातडीच्या आत घुसते, दिसते सुईएवढी जखम आणि जावं लागतं ऑपरेशन थिएटरमध्ये. जी काय हवा काढायची ती फिल्टरच्या बाजूलाच, हाय प्रेशरच्या लोखंडी नळ्यांना पाना लावायचाच नाही. तसंच एअर फिल्टरपाशी पेट्रोलचा बोळा धरून सेल्फ मारायची आयडिया कोणी दिली तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा, आत इंजिन गरम करणारे हीटर प्लग तापलेले असतात, पेट्रोलची वाफ भडकते.

आता तुमच्या प्रश्नातला खरा भाग, एकदा घेतली आणि मिनिटभरात बंद पडली. पाइपात आणि फिल्टरात जेवढं डिझेल होतं तेवढं जळलं आणि मागून हवा आली, असं होऊ शकतं. पण सगळी एअर काढूनही परत तेच झालं तर मग हवा आत राहिलेली नाहीये, नवीन हवा आत येतीये. तेव्हा शंभर वेळा पंप मारून उपयोग नाही, भोक शोधावं लागतं.

हे मी पैसे देऊन नाही, लाज वाटून शिकलोय. आम्ही रामबागेत राहतो, एका रविवारी पोहे-जलेबी खाऊन मोठ्या हौसेने अंगणात फिल्टर बदलला, एअर काढली, गाडी पहिल्या झटक्यात चालू, राजवाड्यापर्यंत चक्कर मारून आलो, सगळं ओके. पुढच्या आठवड्यात आत्याला घेऊन ओंकारेश्वरला निघालो. तेजाजी नगर, सिमरोल, काही नाही. भेरूघाटात लोड आला आणि गाडी धापा टाकायला लागली, दोन वळणं गेलो आणि बंद. मी सेल्फवर सेल्फ, आत्या मागे बसून स्तोत्र म्हणतीये. एक ट्रकवाले सरदारजी थांबले, बॉनेट उघडायला लावलं, म्हणाले, "सेल्फ छोड़ो, हाथ से पंप मारो।" मी फुगा दाबतोय आणि ते फिल्टरच्या भांड्याच्या जोडावरून बोट फिरवतायत. बोट ओलं झालं. बस, सापडलं.

झालं असं होतं की जुनी ओ-रिंग, म्हणजे जोड बंद करणारी रबरी रिंग, झाकणाच्या खाचेत चपटी होऊन चिकटून बसली होती, काळ्यावर काळी, मला दिसलीच नाही आणि मी नवीन तिच्यावरच बसवली. सपाटीवर निभावलं, घाटात इंजिन जास्त डिझेल ओढायला लागल्यावर तिथून हवा आत यायला लागली. जुनी रिंग निघाली कशाने, तर आत्याच्या पदराच्या सेफ्टी पिनने. ती पिन तिने परत घेतली नाही, डिझेलचा वास येतो म्हणून.

या गंमतीतली कामाची गोष्ट बोटाची आहे. इंजिन चालू असताना फिल्टरकडची बाजू ओढ घेते, म्हणून भेगेतून हवा आत जाते पण डिझेल बाहेर येत नाही, वरून सगळं कोरडं ठणठणीत दिसतं. हॅन्ड पंप फिल्टरच्या आधी असेल तर तो मारताना तीच बाजू दाबाखाली येते आणि तिथे ओल दिसते. म्हणून जोड आधी कोरड्या फडक्याने पुसा, एक जण पंप मारू दे, दुसऱ्याने टॉर्च धरून झाकणाचा जोड, पाण्याचा ड्रेन स्क्रू आणि पाइपांची तोंडं बघा. क्लिपवाले पाइप टक् आवाज येईपर्यंत बसले का ते ओढून बघा. आत येणारा आणि बाहेर जाणारा पाइप उलटसुलट तर नाही लागले, फिल्टरवर बाण असतो. खालच्या वॉटर सेन्सरचा कनेक्टर जोडायचा राहिला का तेपण.

आणि पुढच्या वेळी नवीन फिल्टर आधी डिझेलने भरायचा असेल तर गोल स्क्रूवाल्या फिल्टरमध्ये मधल्या मोठ्या भोकातून ओतू नका, ती गाळलेली बाजू आहे, तिथे ओतलेला कचरा सरळ पंपात. कडेच्या बारीक भोकांतून हळूहळू ओता, किंवा ओतूच नका, फुगा कशाला दिलाय.

जुन्या फिल्टरमधलं डिझेल फेकलं नसेल तर पारदर्शक बाटलीत भरून, बाटलीवर नाव लिहून, रात्रभर उंच ठेवा. सकाळी तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी, मग पंप बदलायचा, पेट्रोल पंप.

उद्या एअर काढून झाली की गाडी रात्रभर उभी ठेवा आणि परवा सकाळी पहिल्या सेल्फला घेते का ते इथे लिहा. रात्री नीट आणि सकाळी त्रास असं झालं तर डिझेल टाकीकडे परत उतरतंय, मग गाडीचं मॉडेल आणि फिल्टरचा एक फोटो टाका, बघू कुठला जोड आहे ते.