वर्गात पोरं गप्प का बसतात?

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तासगावची शाळा मिळाली, फार बरं वाटलं. चौथीची पोरं मधल्या सुट्टीत अखंड बोलतात आणि वर्गात तोंड उघडत नाहीत, असं तू लिहिलंस. पोरांचं काही बिघडलेलं नाही. आपल्याला उत्तर ठाऊक असलेलेच प्रश्न आपण विचारत राहतो. त्यांना ती परीक्षा वाटते.

उद्या बेदाण्याचं विचार. शेडवर जाळ्या कशा बांधतात, द्राक्षं कशात बुडवून काढतात, हे तुझ्यापेक्षा त्यांनाच जास्त माहीत. एखादा म्हणेल, "चार किलोचा एक किलो पडतोय." तिथंच धर त्याला. "मग दोनशे किलो बेदाण्याला द्राक्षं किती लागली?" एकाचं उत्तर दुसरा खोडून काढेल. काढू दे. का चुकलं हे दुसऱ्याला समजावून सांगताना पोराचं स्वतःचंच गणित पक्कं होतं. मग त्यांचीच वाक्यं फळ्यावर लिही आणि त्यांच्याकडून वाचून घे. गप्पा इथवर न्यायच्याच, नाहीतर तास वाया जातो.

कुणी "काल रानात छाटणी हुती" म्हणालं, तर "होती म्हण" असं अडवू नकोस. "छाटणी होती होय? खरड छाटणी का फळछाटणी?" एवढंच विचार. प्रमाण रूप कानावर पडतं आणि बोलणंही तुटत नाही. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकेच्या भाषाशास्त्रज्ञ. फलटणच्या लोकांच्या बोलीचा त्यांनी पीएच.डी.साठी अभ्यास केला आणि पुढे १९८४ साली तिथंच प्रगत शिक्षण संस्था काढली. त्यांची शाळा, कमला निंबकर बालभवन, एकदा जाऊन बघच.

सगळ्यात अवघड आहे ते प्रश्न विचारून थांबणं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७०च्या दशकात दाखवून दिलं, की शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबू लागले, तेव्हा उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली.

जत तालुक्यातून आलेल्या, घरी कन्नड बोलणाऱ्या त्या मुलीला मात्र तीन सेकंद पुरणार नाहीत. तिला आधी शेजारणीशी बोलू दे. तिच्या आईला एखाद्या शनिवारी वर्गात कन्नड गोष्ट सांगायला बोलाव, आणि ती गोष्ट मराठीत पोरांना तिलाच सांगू दे. कशी सांगितली, ते मला सविस्तर कळव.

तुझे,
गुरुजी