आधी हवा, मग दोर

प्रश्न : काका, ऑगस्टमध्ये आम्ही चौघं पुणे–मनाली–लेह करतोय. गाडी एसयूव्ही आहे, पण फोर बाय फोर नाही. एका दुकानदाराने विंच, हायलिफ्ट जॅक, रिकव्हरी बोर्ड, दोर असं मिळून साठ हजारांची यादी हातात ठेवली आहे. यातलं खरंच काय लागतं? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : यादी फाडू नका, मागची बाजू किराणा लिहायला होईल. विंच म्हणजे दोर गुंडाळत गाडी ओढून काढणारं यंत्र. त्याचा दोर कशाला तरी बांधावा लागतो, आणि मनाली–लेह वाटेवर सरचूपासून पार तंगलंग ला खिंडीपर्यंत बांधायला झाड शोधूनही सापडणार नाही. हायलिफ्ट म्हणजे लांब दांड्याचा उंच जॅक, त्याला टेकू द्यायला लोखंडी बंपर हवा. तुमच्या गाडीचा प्लास्टिकचा बंपर तो उचलणार नाही, सोलून काढेल. शिवाय तो जॅक निसटला की दांडा जबड्यावर येतो.

माझं साताऱ्याजवळ हायवेला सत्तावीस वर्षं टायरचं दुकान होतं. आता मुलगा बघतो, आणि मी नि बायको बोलेरो घेऊन फिरतो. आमच्या पेटीत हवेचा काटा, बारा व्होल्टचा कंप्रेसर, ट्यूबलेसचं पंक्चर किट, आखूड दांड्याचं फावडं, नायलॉनचा दोर, दोन शॅकल (दोर अडकवायच्या लोखंडी कड्या) आणि जॅकखाली ठेवायला फूटभर लांबीची जाड फळी असते. रिकव्हरी बोर्ड, म्हणजे रुतलेल्या चाकाखाली घालायच्या खाचांच्या पट्ट्या, घेतलेत तर वाया जाणार नाहीत. पण पैसे कमी पडत असतील तर कंप्रेसर चांगला घ्या आणि बोर्ड सोडा.

कंप्रेसर थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा घ्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटवरचा माझा पहिला कंप्रेसर सरचूला पाच मिनिटं चालला आणि सॉकेटचा फ्यूज घेऊन गेला. मग पायपंप. चार हजार मीटरच्या वर पायपंप मारणं म्हणजे वीस दाबे झाले की खाली बसायचं. बायको मोजत होती, मी बसत होतो. एका टायरला पाऊण तास लागला.

निघण्याआधी डिकीचा तळ उघडून स्टेपनी बघा. (हे नाव वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलं, आपण अजून तेच वापरतो.) 2020 च्या नियमबदलानंतर टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा, ट्यूबलेस टायर आणि दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी न देण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. काही गाड्यांत असते, पण आकाराने लहान आणि ताशी 80 च्या वर न पळवण्याची. मनालीहून लेहला जाताना लागणाऱ्या तांदीच्या पंपावरची ‘पुढचा पंप 365 किलोमीटरवर’ ही पाटी प्रसिद्ध आहे. पेट्रोलचा हिशेब सगळे करतात, टायरचा कोणी करत नाही.

आणि किट घेतलंत तर घरी जुन्या टायरवर एकदा हात बसवा. खिळा दिसला की लगेच उपटायचा नाही. आधी तो सरळ गेलाय की तिरका, ते बघायचं. रबरी दोरी सुईत ओवून, सोल्यूशन लावून जवळ ठेवायची, मगच खिळा पक्कडीने काढायचा. खिळा ज्या तिरकसात गेला त्याच तिरकसात रीमर (किटमधली भोक घासायची खरबरीत सळई) घालून चार-पाच वेळा फिरवायचा. तारा घासल्याचा आवाज येतो, घाबरू नका. मग सुई दाबायची, दोरीची दोन्ही टोकं बोटभर बाहेर राहतील इतकीच, आणि एका झटक्यात सरळ बाहेर ओढायची. सावकाश ओढलीत तर दोरीही मागोमाग येते. हवा भरा, साबणाचं पाणी टाका, बुडबुडा नसेल तर टोकं कापा. थंडीत दोरी लाकडासारखी होते, म्हणून मी पाकीट सकाळीच शर्टाच्या आतल्या खिशात टाकतो. सोल्यूशनची ट्यूब एकदा फोडली की सुकतेच. नवी दोन घ्या.

प्रश्न : दिवाळीत कोकणात गाडी पुळणीवर नेली आणि रुतली. ट्रॅक्टर बोलावला, त्याने ओढली तर पुढचा हूकच उपटून आला. कुणाला लागलं नाही, पण गाडीचं तोंड फुटलं. चूक कुणाची? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : पहिली चूक पुळणीवर गाडी नेण्याची. गुन्हा दाखल होतो हे सोडा, पण पाण्याजवळची घट्ट वाटणारी ओली वाळू उभ्या गाडीच्या चाकाखाली पाच मिनिटांत लापशी होते. भरती दर साडेबारा तासांनी येते, तिला तुमची सुट्टी माहीत नसते.

दुसरी चूक, तुम्ही लिहिलं नाहीत तरी मला दिसते : रुतल्यावर रेस केली असणार. चाक जितकं फिरतं तितकं खड्डा खणतं, मग गाडीचं पोट टेकतं, आणि पोट टेकलं की ट्रॅक्टरसुद्धा गाडी नाही, नांगर ओढत असतो. थांबायचं, सगळ्यांना उतरवायचं, स्टिअरिंग सरळ करायचं. चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू काढायची. मग चारही टायरची हवा 16-18 पीएसआयपर्यंत सोडायची. टायर पसरतो, वाळूवर तरंगायला लागतो. चाकांपुढे पायपुसणी टाकून, क्लच हळू सोडत निघायचं. दहातल्या सात गाड्या माझ्यासमोर अशाच निघाल्यात, दोराला हात न लावता. डांबरावर आल्यावर मात्र हवा भरल्याशिवाय वेग घेऊ नका, टायर तापून रिमवरून उतरतो. आणि खालून गोड्या पाण्याने धुवा, त्याच दिवशी.

ओढायचंच असेल तर गाडीसोबत दिलेला हूक बंपरच्या झाकणामागच्या भोकात पूर्ण आवळायचा. काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात. खाली दिसणारी कडी पुष्कळदा ट्रेलरवर गाडी बांधायची असते, ती ओढायची नाही. तुमची बहुधा तीच उपटली. ट्रॅक्टरवाल्यांना झटका मारायची सवय असते, त्यांना हात जोडून सांगायचं : दोर आधी ताणा, मग ओढा. दोरावर मध्ये ओलं गोणपाट टाकायचं, तुटला तर खाली बसतो. बघे दोराच्या दीडपट लांब उभे करायचे, आणि मागच्या टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या लोखंडी गोळ्याला) दोर कधीच नाही. तो बॉल तुटून तोफगोळ्यासारखा गेल्याने ऑस्ट्रेलियात माणसं मेली आहेत.

प्रश्न : घाट चढला की टायरची हवा वाढते म्हणतात. लेहला जाताना कमी करावी का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बाहेरचा दाब कमी होतो म्हणून काटा वाढतो हे खरं. 5,328 मीटरवरच्या तंगलंग ला खिंडीत बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. पण थंडी तोच आकडा खाली ओढते. पुण्यात 30 अंशांना भरलेले 33 पीएसआय तिथे शून्य अंशाला 34-35 दिसतील, बस. हवा सोडू नका. सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजा. दुपारी उन्हात चालून आलेल्या टायरचा 39 बघून हवा सोडणारे दुसऱ्या दिवशी पहाटे कंप्रेसर मागत येतात. मागच्या वर्षी सरचूपुढच्या पांगच्या मुक्कामाला असे दोघं आले होते. माझाच वापरला, चहा मात्र त्यांनी पाजला.

प्रश्न : टायरला बाजूने चीर गेली तर पंक्चरची रबरी दोरी चालेल का? (एक वाचक, कराड)

उत्तर : नाही. बाजूची भिंत दर फेऱ्याला वाकते, दोरी बाहेर फेकली जाते. स्टेपनी लावा. तीही गेली असेल तर आतून गेटर (जुन्या टायरचा तुकडा) आणि ट्यूब टाकून चाळीसच्या वेगाने जवळच्या गावापर्यंत या, आणि टायर तिथेच सोडा.