आवाज पोचतो, मग चढ-उतार का निसटतो?

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे आहेत. ऑडिओग्राम (कानाच्या तपासणीचा आलेख) वयाच्या मानानं चांगला आला. तरी "गोळ्या घेतल्या?" असं विचारलं, की मी सांगतेय असं समजून ते नुसतं "बरं" म्हणतात. असं का? आणि चिनी भाषा सुरांवर चालते म्हणतात, तर तिकडच्या वृद्धांना हा त्रास कमी होतो का?

उत्तर : ऑडिओग्राममध्ये साधारण २५० ते ८००० हर्ट्झचे सुटे सूर वाजवून, किती हळू आवाज ऐकू येतो तेवढंच पाहतात. तुमच्या "घेतल्या?"मधला चढ त्यात तपासलाच जात नाही.

बाईचा आवाज २०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २०० कंपांचा धरला, तर एक कंप ५ मिलिसेकंदांचा होतो. सूर चढला की कंपांमधलं अंतर कमी होतं. कानाकडून मेंदूकडे जाणारे श्रवणतंतू आणि मस्तिष्कस्तंभातल्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या देठासारख्या भागातल्या) पेशी या कंपांबरोबर ठेका धरतात आणि त्यावरून मेंदूला सूर कळतो. वयानुसार तंतू कमी होतात, नको ते संकेत दाबणारं 'गाबा' हे रसायनही घटतं, आणि ठेका विस्कटतो. आवाज पोचतो, पण चढ पुसट होतो. म्हणून वडिलांशी मोठ्यानं बोलून उपयोग होत नाही. श्रवणयंत्रही आवाज वाढवतं, हरवलेला ठेका परत आणत नाही.

आता चिनी भाषेबद्दल. मँडरिन या मुख्य चिनी भाषेत 'मा' हा एकच उच्चार सुरानुसार आई, घोडा किंवा रागावणं होतो. (आपल्याकडे पंजाबीतही घोडा, चाबूक आणि कुष्ठरोगी हे शब्द सुरावरून वेगळे ओळखतात.) अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात डोक्याला इलेक्ट्रोड लावून, तोच उच्चार पुन्हापुन्हा ऐकवून मस्तिष्कस्तंभातून येणाऱ्या विद्युत संकेतांची सरासरी काढली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार मँडरिन भाषकांचा मस्तिष्कस्तंभ सुराचा माग इंग्रजी भाषकांपेक्षा नेमका काढतो. पण पुढच्या वर्षी बोलण्यातल्या वळणदार सुराऐवजी सरळ रेषेत चढणारा सूर ऐकवला, तेव्हा हा फरक उरला नाही. आम्हाला हे फार महत्त्वाचं वाटतं. मेंदू तयार होतो तो रोज कानावर पडणाऱ्या वळणांसाठी.

तरीही म्हातारपण कुणाला चुकत नाही. मँडरिन बोलणाऱ्या वृद्धांनाही सुट्या शब्दाचा सूर ओळखणं तरुणांपेक्षा जड जातं. ते शब्दाच्या लांबीचा आणि संदर्भाचा आधार घेतात. मँडरिनच्या चार सुरांपैकी तिसरा सूर सुटा उच्चारला तर लांबतो, चौथा आखूड असतो.

घरी एक चाचणी करून पाहा. तोंडासमोर कागद धरा आणि "आलास" हा शब्द २० वेळा म्हणा, १० वेळा प्रश्न म्हणून, १० वेळा विधान म्हणून, क्रम आधी चिठ्ठ्या टाकून ठरवा. आधी शांत खोलीत, मग टीव्ही लावून. नुसत्या अंदाजानं साधारण १० बरोबर येतात. इथे हमखास होणारी चूक म्हणजे प्रश्न विचारताना शब्द लांबवणं किंवा आवाज वाढवणं. मग वडील सुराऐवजी तेच ओळखतात आणि गुण फसवे येतात. टीव्ही लावल्यावर गुण फार घसरले, तर ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) गोंगाटातलं बोलणं समजण्याची चाचणी मागा.

तोवर पंखा-टीव्ही बंद करून समोरून बोला, आणि मराठीनं दिलेला 'का' वापरा : "गोळ्या घेतल्या का?" मग सूर निसटला तरी प्रश्न निसटत नाही. एका कानानं अचानक कमी ऐकू आलं, तर मात्र त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा.