पहिला तमिळ पौराणिक चित्रपट कोणी आणि कसा बनवला?

मद्रासच्या आर. नटराज मुदलियार यांनी. चित्रपट 'कीचकवधम्', साल बहुधा 1917 किंवा 1918; यावर एकमत नाही. तो मूकपट होता, त्यामुळे 'तमिळ' म्हणायचं ते बनवणाऱ्यांमुळे आणि पडद्यावरच्या तमिळ पाट्यांमुळे.

मुदलियारांचा मूळ धंदा मोटारींच्या सुट्या भागांचा! फाळक्यांचे चित्रपट पाहून त्यांना हे वेड लागलं आणि कॅमेरा चालवायला ते शिकले आपल्या पुण्यात, स्टुअर्ट स्मिथ नावाच्या इंग्रज कॅमेरामनकडून. मग मद्रासच्या किलपॉक भागात बंगला घेऊन तिथेच स्टुडिओ थाटला. विजेचे दिवे नव्हते. वर पातळ पांढरं कापड ताणायचं आणि त्यातून गाळून येणाऱ्या उन्हात चित्रीकरण करायचं. फिल्म धुण्याची सोय बंगळूरला.

कथा महाभारतातली. ती सुचवली नाटककार पम्मल संबंध मुदलियार यांनी. विषय प्रेक्षकांना पाठ, त्यामुळे आवाज नसला तरी अडत नसे. (आपल्याकडे खाडिलकरांच्या याच विषयावरच्या नाटकावर इंग्रजांनी 1910 मध्ये बंदी घातली होती.)

आज बघायला मागाल तर मिळणार नाही, एकही प्रत उरलेली नाही. पहिला तमिळ बोलपट हवा असेल तर तो 1931 चा 'कालिदास'.