योगशिक्षिका व्हायला कोणता कोर्स करावा? आणि कॉलनीत वर्ग घेतला तर फी घ्यावी का?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय ४३, तालुक्याच्या गावी राहता, दहा वर्षं स्वतः योग करता, आता ऑनलाइन २०० तासांचा कोर्स करून कॉलनीतल्या बायकांना शिकवायचं मनात आहे. आणि शेवटी हळूच विचारलंय, "फी घेतली तर लोक नावं ठेवतील का?"

ठेवतील. मला ठेवली. "योग विकते ती बाई" हे माझ्या कानावर आलं ते एका हळदीकुंकवात, वाण हातात घेऊन उभी असताना. म्हणणारे होते आमचे सर, ज्यांच्याकडे मी दोन वर्षं मदतनीस होते. म्हणून कोर्सचं नंतर सांगते, आधी हे.

सरांचा वर्ग मैदानावर, पहाटे साडेपाचला, पूर्ण मोफत. साठेक माणसं, एक माइक, आणि स्टुलावर स्वामी कुवलयानंदांचा हार घातलेला फोटो. सर सरकारी नोकरीतून निवृत्त, पेन्शन चांगली, माणूस तळमळीचा, हे मी आजही मान्य करते. माझं काम म्हणजे रांगांमधून फिरून कुणाचे गुडघे, कुणाच्या माना सरळ करायच्या आणि शेवटी सतरंज्या गुंडाळायच्या. माझे यजमान गेल्याला तेव्हा वर्ष झालं होतं. घरात शिवणकाम करून मी मुलाची फी भरत होते आणि पहाटेचे दोन तास सेवा म्हणून देत होते.

तिसऱ्या रांगेत एक काकू असायच्या, साठी ओलांडलेल्या, अंगाने लवचीक. सर्वांगासन असं करायच्या की सर माइकवरून त्यांचं उदाहरण द्यायचे. एकदा सतरंजी गुंडाळताना त्यांची पर्स कलंडली आणि त्यातून थेंबांची छोटी बाटली घरंगळत माझ्या पायाशी आली. मी विचारलं, "काकू, डोळे आलेत का?" तर म्हणाल्या, "छे गं, काचबिंदूचे थेंब ते. रात्री टाकते. तो काय आजार आहे होय, दुखत थोडंच."

मला घामच फुटला. काचबिंदूत डोळ्यातला दाब आधीच त्रासदायक असतो, आणि डोकं खाली गेलं की तो आणखी चढतो. शीर्षासन, सर्वांगासनच नव्हे, नुसतं सूर्यनमस्कारातल्या पर्वतासनात डोकं खाली घालून थांबलं तरी. आणि ही बाई आठ महिने रोज तीन-तीन मिनिटं पाय वर करून पडत होती, कारण माइकवरून सांगितलं जायचं, "सर्वांनी करायचंय." पुढच्या तपासणीत दाब वाढलेला निघाला. सर्वांगासनामुळेच वाढला असं डॉक्टरही म्हणाले नाहीत, पण कुठला व्यायाम करता हे ऐकल्यावर त्यांनी काकूंना चांगलंच झापलं.

मी सरांना म्हटलं, एक वही ठेवूया. नाव, वय, कुठल्या गोळ्या, कुठलं ऑपरेशन, एवढंच. सर म्हणाले, "योगानं कधी कुणाचं वाईट झालंय का? आणि फुकट येणाऱ्यांना फॉर्म भरायला लावले तर येतील कशाला?" मी म्हटलं, मग चाळीस येऊ देत. ते त्यांना मानवलं नाही. २१ जूनला पेपरात फोटो येतो, त्यात रांगा भरलेल्या दिसायला हव्यात ना.

मला त्या फोटोतल्या स्वामीजींचं वाईट वाटलं. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंस्था काढली ती मुळात योग तपासून बघायला. क्ष-किरण लावून, यंत्रं जोडून, आसनात रक्तदाबाचं काय होतं ते मोजून 'योगमीमांसा' या त्यांच्या नियतकालिकात छापलं. शंभर वर्षांपूर्वी. आणि आम्ही त्यांना हार घालून त्यांच्यासमोर साठ जणांना न विचारता उलटं करत होतो.

मी बाहेर पडले. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत पूर आला, तो ओसरल्यावर घराघरातला गाळ उपसून बायकांच्या कंबरा गेल्या होत्या. शेजारच्या दोघी म्हणाल्या, काहीतरी सांग गं करायला. त्यातून आमच्या गल्लीतल्या देवळाच्या सभामंडपात वर्ग सुरू झाला. जास्तीत जास्त चौदा बायका, महिना २५० रुपये, आणि पहिल्या दिवशी वही. पैसे द्यायचे म्हटल्यावर बायका प्रश्न विचारतात आणि विचारलेल्याला उत्तरही देतात, हा माझा अनुभव. साठ जणांत कोण आलं नाही हे कळतही नाही, चौदात कळतं, फोन करता येतो. फी त्याची आहे. योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलीची नाही.

आणि सेवा-सेवा म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न: तुमच्या घरी महिन्याच्या एक तारखेला बँकेत काय जमा होतं? पेन्शन असणाऱ्यानं फुकट शिकवावं, जरूर शिकवावं. पण ज्या बाईचं घर तिच्या हातावर आहे तिला "विकते" म्हणू नये. शाळेतल्या बाई पगार घेतात तेव्हा सरस्वती विकतात का?

आता कोर्स. खाजगी वर्ग घ्यायला कायद्यानं कुठलंच प्रमाणपत्र लागत नाही, हे आधी समजून घ्या. आयुष मंत्रालयाचं योग सर्टिफिकेशन बोर्ड परीक्षा घेतं, ती ऐच्छिक आहे. पण शाळेत किंवा सरकारी कामात पुढे जायचं असेल तर उपयोगी पडते. त्यातली पहिली पायरी प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टरची, तिला २०० तास धरतात. त्यापुढची वेलनेस इन्स्ट्रक्टर, ४०० तास. घर सांभाळून करायचं असेल तर नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची योगशिक्षक पदविका बघा. अभ्यासकेंद्र तुमच्या जिल्ह्यात आहे का ते आधी विचारा. मी तीच केली. लोणावळ्याला राहून शिकणं जमलं तर सोन्याहून पिवळं.

ऋषिकेशच्या अठ्ठावीस दिवसांच्या कोर्सबद्दल माझं मत चांगलं नाही. अठ्ठावीस दिवसांत सून पोळ्याही गोल लाटायला शिकत नाही. ऑनलाइनचंही तसंच. शरीरशास्त्र आणि सूत्रं पडद्यावर कळतात. दुसऱ्याच्या खांद्याखाली घोंगडी किती जाड हवी, हे त्या खांद्याशी बसल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे कोर्स कुठलाही करा, पण सहा महिने कुणाच्या तरी वर्गात मागे उभं राहून नुसतं बघा. सरांकडची दोन वर्षं माझी फुकट गेली नाहीत, हेही कबूल करते. माणसं बघायला मी तिथेच शिकले.

यावर घर चालेल का? नाही. चौदा गुणिले २५० किती होतात ते करा, त्यातून देवस्थानाला वर्गणी आणि झाडूवाल्या मावशी वजा करा. आता मी ४०० घेते, तरी शिलाई मशीन सुटलेलं नाही. लॉकडाऊनमध्ये तर निम्म्या बायका गळाल्या. दोघींकडून फी घेत नाही. त्यातली एक दर सोमवारी परसातला कढीपत्ता आणून देते.

मी डॉक्टर नाही, म्हणून वर लिहिलेलं वाचून कुणी गोळ्या-थेंब बंद करू नयेत. काचबिंदू, हर्निया, चढा बीपी, ठिसूळ हाडं यांपैकी काही असेल तर त्या बाईच्या डॉक्टरांना विचारूनच आसनं ठरवा, कपालभातीसुद्धा. आणि सगळेच मोफत वर्ग असे नसतात. नागपूरकडे वर्षानुवर्षं मोफत आणि शिस्तीत वर्ग चालतात असं तिकडचे लोक सांगतात, ते मी खोडून काढत नाही. माझं भांडण एका मैदानाशी आहे.

वहीच्या पहिल्या पानाचा नमुना हवा असेल तर खाली कळवा, फोटो काढून टाकते. "काही आजार आहे का?" असं त्यात कुठेच विचारलेलं नाही, कारण बायका "नाही" म्हणून मोकळ्या होतात. "सकाळी कुठली गोळी घेता?" असं आहे. आणि सगळ्यात खाली, लाल पेनानं: "रात्री डोळ्यात थेंब टाकता का?"