सासरी फिकेच रंग घालावे लागतात. रंगांचा खरंच मनावर परिणाम होतो का?

हो, होतो. आणि तुमच्या बाबतीत त्यात सगळ्यात मोठा वाटा, माझ्या मते, रंग दुसऱ्याने ठरवण्याचा आहे.

तुम्ही लिहिलंय की माहेरी जांभळा, मोरपंखी बिनधास्त घालायच्या आणि आता सासूबाई ‘सावळ्या अंगाले फिकंच शोभते’ म्हणून क्रीम, पिस्ता, आबोलीच आणून देतात. आरशात बघितलं की परकं वाटतं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिवणकाम करते. हे गाऱ्हाणं माझ्या मशीनपाशी बसून कितीतरी लेकी-सुनांनी सांगितलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लाल घातलं की जोश, निळं घातलं की शांती, असे तक्ते मोबाइलवर फिरत असतात. त्यांच्यावर फार विसंबू नका. पांढराच घ्या. आपल्याकडे ‘पांढऱ्या कपाळाची’ म्हणून बाईला हिणवतात, तिथे पांढरा म्हणजे दुःख. पण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांसोबत धम्मदीक्षा घ्यायला लाखो माणसं आली, ती पांढरे कपडे घालून. त्या घरांमध्ये पांढरी साडी आजही ताठ मानेने नेसली जाते. आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की सगळ्यांच्याच डोक्याला पांढरा दुपट्टा असतो. तिथे फक्त ऊन परतवणं एवढंच त्याचं काम. रंग तोच, मनात उमटतं ते प्रत्येक ठिकाणी निराळं.

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी एक प्रयोग केला होता. पांढरा कोट एकच, पण काहींना तो डॉक्टरचा म्हणून घालायला दिला, काहींना चित्रकाराचा म्हणून. डॉक्टरचा समजून घालणाऱ्यांनी बारकाईचं काम जास्त लक्ष देऊन केलं. पुढे २०१९ मध्ये त्याच अभ्यासातला एक प्रयोग जास्त लोकांवर करून पाहिला, तेव्हा कोटाचा तसा परिणाम आढळला नाही. त्यामुळे विज्ञानाने सगळं सिद्ध केलंय असं मी म्हणणार नाही. पण अंगावरच्या कपड्याला आपण काय अर्थ देतो हे महत्त्वाचं असतं, हे मला रोज दिसतं.

माझ्याकडे एक बाई येते. नवरा गेल्यापासून राखाडी आणि मातकट, याखेरीज तिने कापड आणलं नव्हतं. एका राखीला भावाने राणी रंगाची साडी दिली. ब्लाउज पीस माझ्यासमोर ठेवून तो हाताने झाकतच तिने विचारलं, “बाई, मले चालन का हा? लोकं काय म्हनतीन?” मी म्हटलं, “माप देता का?” बाजाराच्या दिवशी ती साडी नेसून आली, पण पदर दोन्ही खांद्यांवरून इतका घट्ट ओढलेला की ब्लाउज दिसूच नये. दिवाळीपर्यंत तो पदर सैल झाला होता. तिचं दुःख गेलं असं नाही, कर्जही तसंच आहे. पण आता कापड ती स्वतः निवडते आणि गळा कसा हवा तेही सांगते. नवरा गेला म्हणजे बाईने रंग सोडावेत, ही रीत मला मनापासून अन्यायाची वाटते.

आता तुमच्या अंगाच्या रंगाचं. सावळ्या रंगावर गडद शोभत नाही, हे खरं नाही. मोहरी, मरून, बॉटल ग्रीन, जांभळा हे रंग सावळ्या चेहऱ्यावर फार खुलतात. उलट अगदी फिकट पिस्त्याने पुष्कळदा चेहरा ओढलेला दिसतो. आपल्या भंडारा जिल्ह्यातला कोसा, म्हणजे टसर रेशीम, बघा. त्याचा मूळचा सोनेरी-मातकट रंग आणि कुंकवाच्या रंगाचे करवतकाठ सावळ्या अंगावर जितके उठून दिसतात, तितके गोऱ्यावर दिसत नाहीत, हे माझं मत. दुकानात ट्यूबलाइटखाली रंग ठरवू नका. तिथे सारखी वाटणारी दोन कापडं उन्हात वेगळी निघतात. कापड दाराशी घेऊन या, हनुवटीखाली धरा आणि चेहरा उजळतो की उतरतो ते बघा.

उदासपणा रंगापुरता नसेल, झोप-भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर मात्र साडी बदलून भागणार नाही. टेली-मानसचा १४४१६ हा मनाच्या तब्येतीसाठीचा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातही विचारा.

सासूबाईंशी एकदम वाद घालू नका. त्यांनी आणलेल्या क्रीम साडीवर जांभळा ब्लाउज शिवून घ्या. कापड स्वस्त पडतं आणि साडी त्यांचीच राहते. मग त्यांनाच दाराच्या उजेडात उभं करून एक गडद कापड त्यांच्या खांद्यावर टाकून बघा. बऱ्याच सासवांनाही तो रंग कधीतरी कुणीतरी बंद केलेला असतो.